बातमीत साहेब बोलले, बायका राहिल्या

मंडळी, 'पाण्यासाठी महिलांचा राडा' ही आमच्या गल्लीवरची बातमी आज सकाळी वाचली आणि डोकंच फिरलं. राडा कसला? काल बायका रिकाम्या घागरी घेऊन टाकीपाशी नुसत्या बसल्या होत्या. बातमीत पाणीपुरवठ्याच्या साहेबांचं म्हणणं सविस्तर आणि बायकांचं एक वाक्य नाही.

कागलला कामावर निघायच्या आधीच पोस्ट लिहिली. पत्रकाराला विकाऊ, लाचार, तोंडाला येईल ते. काल वहिनी तिथं होत्या, म्हणून आधी त्यांना वाचून दाखवली.

"भावजी, ह्ये वाचून लोक तुमचं भांडाण बघत बसतील की! आमच्या घागरीकडं कोण बघणार? आन् त्यो पत्रकार परत गल्लीत येईल व्हय?"

राग गिळला, सगळं खोडलं आणि वहिनींनी सांगितलं तसं लिहिलं:

"पत्रकार दादा, बातमीत साहेब बोलले, आम्ही राहिलो. आमच्यातल्या एकीला तरी विचारायचं होतं. उद्या चहाला या. येताना पाणी तेवढं घेऊन या."

तुम्ही कुठली पोस्ट टाकली असती, माझी की वहिनींची? सांगायच्या आधी वहिनींच्या पोस्टखाली आलेली पहिली कमेंट बघा. त्याच पत्रकाराची आहे:

"उद्या येतो. किती घागरी आणू?"