झुलूचा एक तास

दहा वाजून गेले, तरी एकही विमान आलं नव्हतं. मच्छीमार रॉन बोटीच्या रेडिओवरून पुन्हा विचारत होता, निघू का?

मुलांनो, मी तेव्हा इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर एका छोट्या हार्बर ऑफिसात होते. तुमच्या आजोबांची नोकरी तिथल्या हॉस्पिटलात, म्हणून आम्ही तिथे. १९९०चा ऑगस्ट. इराकने कुवेत घेतलं होतं, आणि जवळच्या अमेरिकन बेसवरची विमानं आमच्या समुद्रातल्या रेंजवर सारखी सरावाला येत होती. रेंज म्हणजे बॉम्ब टाकायचा राखीव पट्टा. सराव चालू असताना आत बोट जायची नाही. बेस मला फोनवर वेळ कळवी, मी ती बोटींना सांगे.

त्या दिवशीची वेळ होती दहा ते बारा, 'लोकल टाइम'. सांगणारा सार्जंट नवा, आदल्याच दिवशी टेक्सासहून आलेला.

रॉनचे खेकड्यांचे सापळे त्याच पट्ट्यात अडकून पडले होते. आत खेकडे मरत होते, आणि मेलेला खेकडा कुणी घेत नाही.

"ते आज येत नाहीत, लव्ह," तो म्हणाला. तिथे सगळ्यांनाच लव्ह म्हणतात. माझे बॉस, हार्बरमास्टर, तेही म्हणाले की सराव रद्द झाला असेल, सोडा त्याला.

मला पटेना. बेसवाले उशीर करत नसत, आणि रद्द केलं तर लगेच कळवत. मी रॉनला थांबायला सांगितलं. त्यावर तो जे बोलला, त्यात लव्ह नव्हतं. मी बेसला फोन लावला.

"सार्जंट, तुमच्या घड्याळात किती वाजलेत?"

"नऊ वीस, मॅम."

माझ्या भिंतीवर दहा वीस होते.

लष्कराचं काम सगळीकडे एकाच वेळेवर चालतं, ग्रिनिचच्या. तिला ते झुलू म्हणतात. पण उन्हाळ्यात ब्रिटन घड्याळं तासभर पुढे करतं. पुण्याला फोन करणाऱ्या आपल्या माणसांना हे पाठच असतं: हिवाळ्यात साडेपाच तास मिळवायचे, उन्हाळ्यात साडेचार. सार्जंटने मात्र ऑपरेशन्स रूममधलं झुलू घड्याळ बघून, तीच इथली वेळ समजून आपलं मनगटी घड्याळ लावलं होतं.

"ही झुलू वेळ झाली. मला लोकल हवी."

"पण ग्रिनिच इंग्लंडातच आहे ना, मॅम?"

"आहे. पण तिथली माणसंसुद्धा आत्ता तुमच्या एक तास पुढे आहेत."

तो म्हणाला, "तरीच सकाळी मेसमध्ये नाश्ता संपला होता."

म्हणजे सराव अकरा ते एक. अकराला विमानं आली. पट्ट्यात पाणी उंच उडालेलं ऑफिसच्या खिडकीतून दिसलं. बॉस बराच वेळ तिथेच उभे राहून साखर नसलेला चहा ढवळत होते.

रॉन एकनंतर गेला. निम्मे खेकडे जिवंत मिळाले. उरलेल्यांबद्दल तो मला ख्रिसमसपर्यंत ऐकवत होता. ऐकवायला तो होता, हे मला पुरेसं वाटलं.

तेव्हापासून बेसचा फोन आला की मी आधी विचारी, आत्ता तुमच्याकडे किती वाजलेत? कुणी वेळ सांगितली, की ती कोणाच्या घड्याळाची हेही विचारून घ्यावं. लोक जरा हसतात, पण सांगतात.