दादाच्या नावानं आलेला लिफाफा

आमच्या घरात कुठलाही कागद करायचा झाला की तो माझ्या मोठ्या भावाच्या नावानं होतो. वीजमीटर, गॅस, कळमेश्वरचा प्लॉट, सगळं दादाच्या नावावर. शिकवणी वर्गांची हजेरी ठेवणारं सॉफ्टवेअर मी एकटीनं लिहिलं. ते ऑनलाइन विकायचं ठरलं तेव्हा फर्मची नोंदणी आणि ट्रेडमार्कचा अर्जही त्याच्याच नावानं झाला. सहीसाठी पेन मीच त्याच्या हातात दिला. वेगळं काही करता येतं, हे मला सुचलंच नाही.

ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र फ्रेम होऊन बैठकीत लागलं, तेव्हा सुचलं. पाहुणे ते वाचून दादाची पाठ थोपटायचे आणि मी आतल्या खोलीत ग्राहकांचे फोन घेत बसायची. एकदा बोललेच. तो म्हणाला, "काहून चिडून राहिली वं? नाव कोणाचंही असो, घरातच तर आहे." ज्याचं नाव असतं त्याला असं बोलणं सोपं जातं.

मग माझ्या एका चुकीमुळे एका वर्गातल्या पालकांचे फोन नंबर दुसऱ्या वर्गाला दिसले. ज्याच्याकडचे नंबर फुटले त्या वर्गवाल्याच्या वकिलाची नोटीस आली. लिफाफ्यावर दादाचं नाव होतं आणि पोस्टमननं सहीही त्याचीच मागितली. दादाचा चेहरा उतरला. आई मला हळूच म्हणाली, "बरं झालं, तुह्यं नाव नाही त्यात."

मी नोटीस दोनदा वाचली. 'सदर सॉफ्टवेअरचे निर्माते' असं लिहून पुढे त्याचं नाव होतं. मला त्या नोटिशीचाही हेवा वाटला.