धावड्याची पानं

अकोल्याची बढती ज्योत्स्नाने नाकारली तेव्हा अख्ख्या कॉलेजने तिला वेड्यात काढलं. अमरावतीच्या त्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्यात असं काय सोनं लागलं होतं, कोण जाणे! लागलं होतं ते फ्रिजच्या तळाशी, एका कापडी पिशवीत. धावड्याची पानं.

ती ज्यांच्या हाताखाली काम करायची, त्या सरांचं संशोधन झाडांच्या पानांवर होतं. पानांत म्हणे असं द्रव्य असतं, जे तेलाला खवट होऊ देत नाही आणि माणसालाही लवकर जुनं होऊ देत नाही. पानं सावलीत वाळवायची, दळायची, अर्क काढायचा. अर्काने जांभळ्या द्रावणाचा रंग उडाला की सर खूश.

पानं आणायला ती सरांबरोबर धारणीकडच्या जंगलात गेली होती. वाट दाखवायला झाडपाल्याचं औषध देणारे नत्थुजी होते. तिने फांदी ओढली तसे ते म्हणाले, "कोनाच्या नावानं तोडून राहिली, ते सांग त्याले. बिननावाचं पान नेऊ नोको." ज्योत्स्नाला हसू आलं. असलं काही तिच्या घरात कोणी मानत नसे. जिभेवर पहिलं आलं ते नाव तिने सांगून टाकलं. पार्वताबाई. तिची आई.

प्रयोगशाळेत पानं सावलीत पसरली आणि घरी आई सुकू लागली. डॉक्टरांना काही सापडेना. पानांच्या कडा मुरडल्या त्याच आठवड्यात आईची बोटं वाकली. तरी ज्योत्स्ना मनाला समजावत राहिली. मग सरांनी पानं दळायला सांगितली, आणि मिक्सरचं लावलेलं झाकण तिने पुन्हा काढलं. तिने दुसरीच पानं दळली, ही फ्रिजमध्ये दडवली. सरांचे आकडे चुकले तर चुकोत बापडे!

आईचं सुकणं थांबलं, पण थंडी शिरली ती शिरलीच. भर मे महिन्यात, सगळी अमरावती कूलरपुढे बसलेली असताना, पार्वताबाई गोधड्या पांघरून कुडकुडत. अंगाला हात लावावा तर बर्फ. वर्षं गेली, चेहऱ्यावर एक सुरकुती वाढली नाही. शेजारणी कौतुक करायच्या, तेव्हा ज्योत्स्ना विषय बदलायची.

एका दुपारी आई म्हणाली, "थंडी सोसत नाई वं आता. मले उन्हात ने."

"अंगनात बाज टाकून देऊ का?"

"नुसती बाज टाकून का होते? तुनं जे लपवून ठेवलं, तेई आन."

ज्योत्स्ना चरकली. पिशवीबद्दल तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"माय, ते आनलं तं तू..."

"तं मी का अशीच राहू?"

रडत रडतच ती कॉलेजात जाऊन आली. बाजेशेजारी लुगडं अंथरून तिने पानं उन्हात पसरली. पार्वताबाईंनी गोधड्या पायाने लोटल्या. "आता कसं बरं वाटून राहिलं!"

ज्योत्स्नाने तिचा हात हातात घेतला. कितीतरी वर्षांनी तो गरम लागला. लुगड्यावर पहिलं पान कुरकुरत वळलं. तिने तिकडे पाहिलं नाही.