चिखली नदीची मळई

१२ ऑक्टोबर १९२७ रोजी धोंडीराम गव्हाणेने चावडीवर अकरा रुपये सहा आणे भरले आणि चिखली नदीपलीकडची मळई वर्षभरासाठी लिलावात घेतली. एरवी ती तीन रुपयांत, तिला लागूनच रान असलेल्या निंगप्पाकडे जाई. चावडीवरचे लोक एकमेकांकडे बघत राहिले.

चिखली ही मुरमाड माळावर उगम पावून चार कोसांवर भीमेला मिळणारी लहानशी नदी. पलीकडचे कानडी लोक तिला चिक्कहळ्ळ, म्हणजे धाकटा ओढा म्हणत. धोंडीराम मात्र हटकून नदी म्हणे. ओढ्याने आपली जमीन खाल्ली, हे सांगायला त्याला कमीपणा वाटे. गावाखाली ती कोपरासारखी वळते आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला नेमकं धोंडीरामचं रान. दर पुरात तिथली दरड ढासळे. पाणी ओसरलं की समोर, आतल्या अंगाला, निंगप्पाच्या बांधाखाली काळा गाळ पसरलेला दिसे. हीच मळई. तिच्यावर निंगप्पाची कलिंगडं लोळत आणि इकडे दरडीवर उभ्या धोंडीरामचा जीव जळे.

"माजी माती हाय ती," तो बायकोला सांगे.

"मग हाक मारा की तिला," सोजरबाई म्हणे. "येती का बगू."

मळई हातची गेली तरी निंगप्पाने तोंड वाकडं केलं नाही. वाळूत रुतलेली धोंडीरामची बैलं त्यानेच कासरा धरून पार केली. वर म्हणाला, "धोंडीबा, हितं जुंधळा नको. खाली लई वल हाय. थंडी सरंस्तवर थांब अन् कलिंगड लाव."

'माजा जुंधळा ह्याला बगवंना,' धोंडीरामच्या मनाने घेतलं. त्याने मुद्दाम जोंधळाच पेरला. रोपं आधी हिरवीगार उठली. पौषात मुळं कुजली आणि पीक पिवळं पडून आडवं झालं.

नदीवर धुणं धुताना निंगप्पाच्या बायकोने, काशम्माने, ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिने कलिंगडाचं पावशेर बी फडक्यात बांधून आणलं. "तगो अक्का," ती सोजरबाईला म्हणाली, "घे. फळ आलं की बी परत दे."

धोंडीरामने ते मुकाट्याने लावलं. वैशाखात फळं धरली. बाजारात पहिलं कलिंगड चिरलं, तर सालीपर्यंत लाल. एका म्हाताऱ्याने फोड तोंडात घातली आणि म्हणाला, "गोड हाय. निंगप्पाचं वाण न्हवं का हे?"

"वाण कसलं?" धोंडीराम सुरी आपटत ओरडला. "मातीची गोडी हाय ती! माजी माती हाय!"

सोजरबाईने बिया धुऊन वाळवल्या आणि काशम्माच्याच फडक्यात बांधल्या.

"तेवढं देऊन या की."

"परत दिलं की बी त्याचं ठरतंय. मग गोडीबी त्याचीच," धोंडीराम म्हणाला आणि गाठोडं आढ्याला टांगून मोकळा झाला.

भाद्रपदातल्या पुराने दरडीचा आणखी एक लचका तोडला आणि समोर नेऊन टाकला. पुन्हा कुणी 'निंगप्पाचं वाण' म्हणायला नको, म्हणून पुढच्या लिलावात धोंडीराम गेलाच नाही. निंगप्पाला मळई पुन्हा तीन रुपयांत मिळाली. उन्हाळ्यात तिच्यावर कलिंगडं लोळू लागली आणि धोंडीराम पुन्हा दरडीवर येऊन उभा राहू लागला.

काशम्माचं पावशेर बी अजून द्यायचं आहे.