मेश्रामजी आणि दुर्बिणीची चौकशी

मेश्रामजी कोणतीही वस्तू हातात घेतली की आधी बोटाच्या पेराने ठोकून पाहत. बाजारात टरबूज घेणाऱ्याने ठोकावे तसे. रायफल, खुर्ची, चहाची बशी, एकदा तर माझी आकडेमोडीची नवी कोरी स्लाइडरूल. ठोकून झाले की मान तिरपी करून क्षणभर ऐकत आणि निकाल देत : "ढिलं आहे," किंवा "ढिलं नाई." तिसरा निकाल त्यांच्याकडे नव्हता. 'खराब' हा शब्द तर त्यांना मान्यच नव्हता. "खराब म्हंजे काय, मॅडम? ज्याले ढिलं कुठं हाय ते सापडत नाही, तो खराब म्हनते."

त्या वेळी मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन प्रकाशकीत संशोधन सुरू केले होते, आणि नागपुरातल्या एका रायफल क्लबची एकमेव स्त्री सभासद होते. मेश्रामजी त्या क्लबचे आर्मरर, म्हणजे बंदुकांची देखभाल करणारे. सैन्यात हेच काम बावीस वर्षे करून निवृत्त झालेले आणि रोज कामठीहून बसने येणारे. शस्त्रागाराची किल्ली त्यांच्या कमरेला असे. अध्यक्ष दादासाहेब हे निवृत्त उपजिल्हाधिकारी. कचेरी सुटून बरीच वर्षे झाली होती, पण तिचा आवाज त्यांच्या गळ्यात तसाच राहून गेला होता.

दसऱ्याला मेश्रामजी क्लबात नसत. त्या दिवशी ते सहकुटुंब दीक्षाभूमीवर असत, आणि नागपुरात याचे कारण कोणी कोणाला विचारत नाही. दादासाहेब मात्र दरवर्षी विचारत.

"शस्त्रपूजेलाच शस्त्रे सांभाळणारा गैरहजर?"

"साहेब, पूजा तुमी करा. सफाई मी रोज करतोच ना," एवढे बोलून मेश्रामजी आदल्या संध्याकाळी किल्ली सचिव ठोंबऱ्यांच्या हाती देत आणि बस गाठत.

त्या वर्षी पूजेच्या वेळी शास्त्रार्थ उपस्थित झाला. क्लबने नुकतीच एका पॉइंट टू-टू रायफलीवर दुर्बीण बसवून घेतली होती. आता दुर्बीण हे शस्त्र की यंत्र? अर्धा तास वाद होऊन निर्णय झाला की ती यंत्र आहे, सबब तिला स्वतंत्र पाट द्यावा. दादासाहेबांनी स्वहस्ते स्क्रू सोडवून दुर्बीण तिच्या लोखंडी बैठकीसकट उतरवली. दोन पाटांवर दोन पूजा झाल्या; दोन्हींवर तेल, हळदकुंकू, अक्षता पडल्या. आरतीनंतर दादासाहेबांनी ती स्वहस्तेच पुन्हा चढवली. तबक मी धरले होते.

दिवाळीनंतर क्लबच्या स्पर्धा झाल्या. उद्घाटनाच्या पाच गोळ्या दादासाहेबांनी त्या रायफलीतून झाडल्या. दोन टारगेटच्या डाव्या कडेला गेल्या, दोन उजव्या कडेला, आणि पाचवी शेजारच्याच्या टारगेटवर जाऊन त्याचे गुण वाढवून आली. दादासाहेब उठले, गुडघे झटकले आणि जाहीर केले, "दुर्बीण बिघडलेली नाही. बिघडवलेली आहे."

त्याच संध्याकाळी चौकशी समिती स्थापन झाली. अध्यक्ष अर्थातच दादासाहेब. आरोप असा, की किल्ली ज्याच्याकडे असते त्याने दुर्बीण पाडली आणि लपवले. सिद्ध झाला असता तर मेश्रामजींची नोकरी गेली असती, आणि बावीस वर्षांच्या सेवेत ज्यांच्या नावावर एकही लाल शेरा नव्हता, त्यांना उतारवयात पहिला शेरा मिळाला असता. मला तांत्रिक सदस्य नेमण्यात आले.

दोन दिवसांत मी आठ पानांचे टिपण तयार केले. दुर्बिणीतली नेम धरायची फुलीची तार सैल झाली असावी. भिंगांचा अक्ष ढळला असावा. थंडीने नळी आकुंचन पावली असावी. मेश्रामजींनी तो गठ्ठा बोटाने ठोकला.

"ढिलं आहे."

"कशावरून?"

"दुर्बीण हातात घेऊन पाह्यली काय तुमी?"

"अजून नाही."

"मंग नवरी न पाह्यताच लगन लावून राहिल्या तुमी, मॅडम."

मी तातडीने स्क्रू कसायला गेले, तर त्यांनी पेचकस काढून घेतला. "कसू नका. कसलं का गुन्हा लपते. सगळ्या गोळ्या एकाच जागी चुकल्या, तं दुर्बीण फिरवा. जागा बदलून बदलून चुकल्या, तं काहीतरी हालून राहिलं. ते काय हाय, ते आधी पाहा."

त्यांनी रायफलीवरून बैठकीवर जाणारी पेन्सिलीची एक बारीक रेघ मारली. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून मी पाच गोळ्या झाडल्या. त्याही विखुरल्या. "साहेबाचा हात सुटला बेदाग," मेश्रामजी म्हणाले; त्यात टोमणा नव्हता, नोंद होती. मग रेघ पाहिली. ती मधोमध तुटली होती. खालचा भाग जागेवर, वरचा केसभर सरकलेला. माझ्या आठ पानांपैकी एकाही पानावर ही केसभर जागा नव्हती.

बैठक सोडवली. खाली तेलात कालवलेल्या कुंकवाचा थर होता, आणि त्यात अर्धवट चिरडलेला तांदळाचा एक दाणा. मेश्रामजींनी तो पेचकसाच्या टोकावर अलगद घेतला.

"दुर्बिणीले जेवू घातलं साहेबानं," ते म्हणाले आणि दाणा काडेपेटीत ठेवला. बैठक पुसून, कोरडी करून पुन्हा बसवली. पुढच्या पाच गोळ्या एका चार आण्याच्या नाण्याखाली झाकतील इतक्या जवळ बसल्या.

अहवाल मी अत्यंत शास्त्रीय लिहिला : 'दुर्बीण निर्दोष आहे. पूजेप्रसंगी ती काढण्यात आली व पुन्हा बसवण्यात आली. बैठकीखाली बाह्य पदार्थ आढळून आला.' शास्त्रीय लेखनात कर्त्याला स्थान नसते, असे मी स्वतःला सांगितले. दादासाहेब ज्या महाविद्यालयाच्या संचालक मंडळावर होते, तिथे मी अधिव्याख्याता पदासाठी अर्ज केला होता. हे मी स्वतःला सांगितले नाही.

समितीत ठोंबऱ्यांनी काडेपेटी उघडली. "अरे बापा, ही तं अक्षता होय!" म्हणत त्यांनी ती भक्तिभावाने कपाळाला लावली. दादासाहेबांनी अहवाल दोनदा वाचला, आणि दुसऱ्या वाचनात त्यांचा चेहरा उजळला.

"यात कोणाचे नाव नाही."

मी कर्त्याची जागा मोकळी सोडली होती. समितीने ती भरली. ठराव झाला : शस्त्रागाराची किल्ली श्री. मेश्राम यांच्याकडे असल्याने हलगर्जीपणाची जबाबदारी त्यांची. त्यांना लेखी समज द्यावी.

"पण दसऱ्याला किल्ली ठोंबरेसाहेबांकडे होती," मी म्हणाले.

"ते अहवालात आहे का?" दादासाहेबांनी विचारले. नव्हते. ठोंबरे काडेपेटीवरचे चित्र निरखत राहिले.

मेश्रामजींनी अहवाल जोडलेला लाल शाईतला कागद व्हरांड्यात उभ्याने वाचला, आत येऊन किल्ली टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वळले. "'काढण्यात आली' म्हंजे कोनं काढली, मॅडम? तांदूळ आपल्या पायानं चढला काय?"

त्यांनी नोकरी सोडली. त्या आठवड्यात मी दुसरा अहवाल लिहून क्लबात दिला. ठोंबऱ्यांनी त्यावर आवक क्रमांक घातला, फायलीत लावला आणि समितीचे काम संपल्याचे कळवले. त्याची प्रत घेऊन मी कामठीला गेले. मेश्रामजी एका पॉवरलूमच्या कारखान्यात माग दुरुस्त करीत होते. समोरचा माग त्यांनी बंद केला आणि म्हणाले, "वाचा."

मी वाचले : 'दसऱ्याला दादासाहेबांनी दुर्बीण काढली. त्यांनीच ती बसवली. तबक मी धरले होते. किल्ली त्या दिवशी ठोंबऱ्यांकडे होती.'

त्यांनी कागद बोटाच्या पेराने ठोकला.

"अजून एक कमी हाय. पूजा केली, त्यात गुन्हा नाही. काढली, त्यातबी नाही. पुसल्याबिगर बसवली, तो गुन्हा. हे लिवा. नाही तं उद्या कोनी म्हनन, मेश्राम पूजेवर चिडला."

मागाच्या चौकटीवर कागद टेकून मी ते वाक्य कर्त्यासकट लिहिले. त्यांनी ते एकदा वाचले, मान हलवली आणि माग सुरू केला.