गीताबाईनं दुसऱ्यांदा पाहिलेलं अस्वल

गारखेड्यात तेव्हा अजून शेतं होती. नव्या कॉलन्यांच्या मधल्या पट्ट्यांत ज्वारी उभी असायची आणि सकाळी कंपनीच्या पाळीला निघालेली माणसं बांधावरून सायकली हातात धरून डांबरीला लागायची. त्यांच्यात गीताबाई असायची. चिकलठाण्याच्या एका औषधाच्या कंपनीत ती बाटल्यांना लेबलं लावायच्या खात्यात होती. नवरा मोतीराम पत्रे दाबायच्या प्रेसवर. गीताबाई कामाला चिवट, बोलायला मोजकी. गल्लीत कुणाचं बाळंतपण अडलं की तिला बोलावणं यायचं, दोन घरांत भांडण पेटलं तरी तिलाच. कारण ही बाई कशाला भीत नाही असा तिचा लौकिक होता. ती एकाच गोष्टीला भ्यायची, आणि ती सांगितली असती तर लोक हसले असते. गीताबाई टॉकीजमध्ये पाऊल टाकायची नाही.

त्याचं असं झालं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव बौद्धांची घरं पेटली. गीताबाईचं गाव जालन्याच्या पलीकडं. मोतीराम रस्त्याच्या कामावर बाहेरगावी होता. घरात ती आणि अंगावर पिणारी सारजा. दुपारी गलका झाला, धूर दिसला, तशी ती पोरीला घेऊन मागच्या बाजूनं पळाली. ओढ्यापलीकडं मंजुळाबाई नावाच्या धनगरणीचा मेंढरांचा वाडगा होता. मंजुळाबाईनं काही विचारलं नाही. काट्याची झापडी सरकवली, मायलेकींना मेंढरांच्या गर्दीत बसवलं आणि वर घोंगडी टाकली. दिवस मावळेपर्यंत गीताबाई त्या उबेत, लेंड्यांच्या वासात, सारजाला छातीशी लावून बसून राहिली. मध्येच काही माणसं आली, बोलणं झालं, निघून गेली. घोंगडीखाली तिला शब्द नीट ऐकू आले नाहीत. मोतीराम परतला तेव्हा घराच्या नुसत्या भिंती उभ्या होत्या.

दोघं औरंगाबादला आले, मोतीरामच्या मावसभावाकडं. हा साहेबराव एका टॉकीजला डोअरकीपर होता. त्याच्या एवढ्याशा खोलीत आणखी दोन घरची माणसं आसऱ्याला आलेली. दुपारी टेकायलाही जागा नव्हती. साहेबरावनं चांगल्या मनानं युक्ती काढली.

"वहिनी, आमच्या टॉकीजमधी पंखे हायेत. लेकराला घेऊन निवांत बसा," असं म्हणून त्यानं तिला मॅटिनीला मागच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

पिक्चर परदेशी होता. दूरच्या बेटावर डोंगराएवढं अस्वल असतं, शहरातली माणसं त्याला साखळदंडांनी जखडून जहाजात घालून आणतात, अशी गोष्ट. फार वर्षांपूर्वी हाच पिक्चर काळा-पांढरा निघाला होता, आता कुणी तो नव्यानं रंगीत काढला होता. गीताबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं. जत्रेतल्या तंबूत पाहिलेला एक देवादिकांचा पिक्चर, एवढीच तिची माहिती. अंधारात पडदा भरून ते अस्वल उभं राहिलं. त्याच्या पायाशी झोपड्या पेटल्या, बायका लेकरं काखेत मारून धावत सुटल्या. गीताबाई उठली. दार सापडेना. भिंत चाचपडत ती बाहेर आली आणि शो सुटेपर्यंत जिन्यावर बसून राहिली.

"कसा वाटला?" साहेबरावनं विचारलं.

"चांगला हाय," ती म्हणाली.

तेव्हापासून ते अस्वल तिच्या झोपेत यायला लागलं. गाव जळताना तिला स्वप्नात कधी दिसलं नाही. दिसायचं ते अस्वल. हे कुणाला सांगायचं कसं? घर जाळणारी माणसं राहिली बाजूला आणि बाई भिते पडद्यावरच्या जनावराला! तिनं ते मनातच ठेवलं.

वर्षं गेली. नामांतराच्या मोर्च्यांत गीताबाई पुढच्या रांगेत असायची. पोलिसांची गाडी आडवी आली तरी मागं सरायची नाही. एकदा हर्सूलच्या जेलातही राहून आली. मंजुळाबाई दिवाळीनंतर घोंगड्या विकायला शहरात यायची, तेव्हा तिचा मुक्काम गीताबाईकडंच. परत निघताना गीताबाई तिला लुगडं द्यायची आणि तिच्या नवऱ्यासाठी, कारभारीसाठी, आठवणीनं शेव-चिवडा बांधून द्यायची.

वाळूजकडं नव्या कंपन्या उभ्या राहिल्या. मोतीरामला तिकडं बरी नोकरी लागली, घरात रंगीत टीव्ही आला. लोक घरीच व्हिडिओ बघायला लागले तशी टॉकीजची गर्दी ओसरली. साहेबराव हुशार. त्यानं दाराची नोकरी सोडली आणि कॅसेट भाड्यानं द्यायचं दुकान टाकलं. अशाच एका रविवारी सकाळी, मंजुळाबाई मुक्कामाला असताना, तो व्हीसीआर उचलून मोतीरामच्या घरी हजर झाला.

"वहिनी, ओळखा काय आणलंय. तुम्ही शहरात आल्या आल्या बघितलेला पिक्चर. अस्वलाचा. कालच कॅसेट आली."

गीताबाई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला, पण आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

"लावा भावजी," ती म्हणाली आणि मेथी ठेवलेलं सूप मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. शेजारी मंजुळाबाई. सारजा मैत्रिणीकडं गेली होती. दार उघडंच होतं, उन्हाचा पट्टा थेट टीव्हीपर्यंत आला होता.

साहेबराव पहिल्यापासून बोलत होता. जुना पिक्चर या नव्याहून सरस होता, त्यात अस्वल कमी दिसायचं म्हणून धाक जास्त वाटायचा, असं त्याचं मत. "टॉकीजमधी हेच अंगावर यायचं. इथं बघ, मांजराएवढं झालंय."

खरंच मांजराएवढं झालं होतं. मोतीरामनं आणखी एक दाखवलं. अस्वल वाकलं की त्याच्या गुडघ्यामागं कातड्याला चुण्या पडायच्या, ढगळ पँटीला पडाव्यात तशा. "आत माणूस हाय, गीता. घामानं भिजला असंल बिचारा."

गीताबाईनं त्या चुण्या पाहिल्या. मग झोपड्या पेटल्या. तिला वाटलं, आता उठावं. मांडीवरची मेथी तिनं घट्ट धरली आणि बसून राहिली. झोपड्या जळून गेल्या, पुढचं सुरू झालं. ते पुढचं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. अस्वल जहाजाच्या तळाशी जखडून पडलं होतं, आणि वरून माणसं वाकून बघत होती.

मंजुळाबाईनं उभ्या जन्मात पिक्चर पाहिला नव्हता. ती जरा पुढं सरकून बघायला लागली होती. आता म्हणाली, "कवाचं बांधलंय त्याला. पाणी पाजलं का कुणी?"

साहेबराव हसला. "मावशी, खोटं हाय ते."

"खोटं असू दे. तहान लागली असंल का नाय?" तिला दरवेशाचं अस्वल आठवलं. गावात यायचं, नाकात वेसण, पोरं दगड मारायची. "हे आपल्या डोंगरात व्हतं. कुणाच्या वाटंला गेलं नव्हतं. ह्यांनी आणलं, आन् आता हेच बोंबलत पळायलेत."

शेवटी अस्वल पडलं आणि लोक त्याच्याभोवती गोळा झाले. कॅसेट संपली. मोतीराम आणि साहेबराव चहाच्या टपरीवर गेले. घरात दोघीच उरल्या.

गीताबाईनं निवडलेली मेथी टोपलीत भरायला घेतली आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं.

"मंजुळामाय, त्या दिवशी वाडग्यावर कोण आलं व्हतं?"

मंजुळाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"गावातलीच. चौघं-पाचजण. आमचे मालक व्हते त्यांच्यात."

"कारभारीदादा?"

"व्हय. म्या म्हणलं, मेंढरं आजारी हायेत, आत येऊ नगा. बाकीच्यांनी ऐकलं. ह्यांनी वाकून बघितलं. तुझं पाऊल घोंगडीच्या बाहीर व्हतं, पोरी. ह्यांनी ते बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणले, इथं कुणी नाय, चला. आन् त्यांच्या संगं पुढं गेले."

"पुढं कुठं?"

"तुमच्या आळीकडंच," मंजुळाबाई म्हणाली. "तिथं काय केलं ते म्या इचारलं नाय. त्यांनी सांगितलं नाय. लई दिस आमी बोललो नाय एकमेकांशी."

गीताबाईनं टोपली बाजूला ठेवली. तिला रडू आलं नाही. रागही यावा तसा आला नाही. अंग मात्र जड झालं होतं, ताप उतरून गेल्यावर होतं तसं.

"मला आधी का नाय सांगितलं?"

"तू दर साली त्यांना खाऊ बांधून देतीस. माझ्या तोंडातून निघंना."

अस्वल त्यानंतर तिच्या झोपेत आलं नाही. पण झोप लगेच सुधारली असंही नाही. आता तिला कारभारीचा चेहरा दिसायचा, घोंगडीपाशी वाकलेला. तिनं मोतीरामला सगळं सांगितलं. मोतीराम संतापला. "त्या माणसाचं नाव ह्या घरात घ्यायचं नाय," म्हणाला.

दोन पावसाळ्यांनंतर मंजुळाबाई कारभारीला घेऊन आली. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, घाटीच्या सरकारी दवाखान्यात दाखवायचं होतं. तो दारातच उभा राहिला. मोतीरामनं सायकल काढली आणि न बोलता कामावर निघून गेला. गीताबाईनं कंपनीत रजा टाकली.

मंजुळाबाई प्रवासानं थकली होती, तिला घरीच ठेवून गीताबाई कारभारीसोबत गेली. घाटीसमोर रस्त्यावर रिक्षांची रांग. त्याला धड दिसत नव्हतं. तिनं त्याच्या दंडाला धरलं आणि वाट मोकळी होईपर्यंत थांबली.

"दादा," ती म्हणाली, "मंजुळामायनं मला सांगितलंय. तुमी वाडग्यावर आला व्हता."

कारभारीनं मान तिच्याकडं वळवली.

"सगळं सांगितलं?"

"तिला ठावं व्हतं तेवढं. बाकीचं तुमच्यापाशी हाय."

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "ते माझ्यानं बोलवत नाय, बाई."

"आज नगा बोलू. पण कवातरी बोलावं लागंल. माझ्यापाशी नाय, तर सारजाच्या बापापाशी."

"त्यो ऐकंल?"

"ते मी कसं सांगू?"

वाट मोकळी झाली. गीताबाईनं त्याला पलीकडं नेलं, पायऱ्या आल्यावर "पायरी हाय" म्हणून सांगितलं आणि रांगेत उभं केलं. पुढं बरीच माणसं होती. तिनं कडेच्या बाकावर जागा बघितली, त्याला तिथं बसवलं आणि स्वतः त्याच्या जागी रांगेत उभी राहिली.