गेल्या वर्षीच्या पोरी

राहीला नर्सिंगला घातलीत ती कुणाच्या सल्ल्यानं, असं माझ्या आईला कुणी विचारलं, की ती पदर सावरत म्हणायची, "विठूच्या." विठू म्हणजे रत्नागिरीच्या सिव्हिल हॉस्पिटलातल्या नर्सिंगच्या मुलींच्या मेसचा आचारी. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई चेष्टा करतेय. पण गोदूबाई भाटकर चेष्टा करायची ती तोंड वाकडं करून. विठूचं नाव ती सरळ तोंडानं घ्यायची.

आई मिऱ्याहून शहरात मासे विकायला जायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि खाली तोंड अखंड चालू. आठ महिने ओली मासळी, आणि पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की सुकं: बोंबील, जवळा, सोडे, खारवलेले बांगडे. तिची गिऱ्हाइकं ठरलेली होती, दारं ठरलेली होती आणि ती सगळी मागची होती. शहरातल्या निम्म्या घरांचं पुढचं दार तिनं कधी पाहिलं नसेल, पण कुठल्या घरात सुनेला शेवटी जेवायला लागतं आणि तिच्या वाट्याला काय उरतं, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. अक्षर एक येत नव्हतं. भांडण मात्र तिच्याइतकं सुंदर करणारं माणूस मी नंतर तीस वर्षं वॉर्डात काढूनही पाहिलं नाही.

हे सगळं १९८४ च्या जूनमधलं. मी बारावी झाले, छप्पन्न टक्के पडले. मिऱ्याच्या आमच्या वाडीत एवढे गुण म्हणजे मुलगी हुशार, आणि रत्नागिरीत तेवढेच गुण म्हणजे बघू. मला नर्स व्हायचं होतं. लहानपणी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात दोरात सापडून फाटला होता. तेव्हा सिव्हिलमधल्या एका सिस्टरनं त्यांना इतकं दटावून गप्प बसवलं, की आईखेरीज त्यांना गप्प करणारी दुसरी बाई मी तेव्हाच पाहिली. तशी बाई व्हायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

शिकायच्या जागा दोन होत्या. एक सिव्हिलची. साडेतीन वर्षं, जागा थोड्या, गुणवत्ता यादी, वर मुलाखत. दुसरी टेकडीवरच्या एका खाजगी इस्पितळाची. त्या इस्पितळाचं नाव मी सांगणार नाही; ते आता नाही आणि त्याचे डॉक्टरही नाहीत. तिथं दीड वर्षाचा कोर्स, मुलाखत नाही, फी नाही, आणि मुख्य म्हणजे त्यांचं माहितीपत्रक गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं. वर फोटो: निळ्या काठाची पांढरी साडी नेसलेली एक मुलगी हातात थर्मामीटर धरून हसतेय. हरिश्चंद्रमामा मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा ते पत्रक घेऊन आला. मामा मुंबईत एका कचेरीत शिपाई होता आणि गावाला आला की साहेब व्हायचा. "राही, हातची जागा सोडू नकोस. सिव्हिलच्या यादीत नाव नाही लागलं तर बसशील सुकट निवडत," तो म्हणाला.

मला ते पटलं. फोटो तर त्याहून पटला. आप्पा जाळं शिवत होते, ते मान वर न करता म्हणाले, "तुझी आई काय सांगते ता बघ." आईनं पत्रक उलटंसुलटं करून पाहिलं.

"कागद चांगला हाय," ती म्हणाली. "पाटीत वर मी पण चांगलेच बोंबील मांडतंय. खालचे कोणाला दाखवतंय?"

"आई, ही शाळा आहे. मासळी नाही."

"तर तर! मासळी असती तर तू नीट बघून घेतली असतीस."

अडचण अशी होती की दोन्हीकडे अर्जासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागायचा, आणि मूळ दाखला जगात एकच असतो. जिथं तो द्यायचा, तिथंच जायचं. सिव्हिलची शेवटची तारीख पंचवीस जून, संध्याकाळी पाच. मी आईशी वाद घालत बसले नाही. तेवीस तारखेला गुपचूप टेकडी चढले आणि दाखला तिथल्या कारकुनाच्या, सदूभाऊंच्या, हातात दिला. त्यांनी तो टाचणीनं फाइलीला लावला आणि म्हणाले, "झालं तुझं काम, सिस्टर." सिस्टर म्हणाले! मिऱ्याला पोचेपर्यंत माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

पंचवीस तारखेला सकाळी आई म्हणाली, "आज माझ्याबरोबर चल. पाटी जड हाय." पाटी काही जड नव्हती. पण माझ्या मनात चोर, म्हणून मी मुकाट्यानं निघाले.

ती मला पहिल्यांदा टेकडीवरच घेऊन गेली, स्वयंपाकघराच्या दाराशी. सावित्री नावाची आचारीण डाव हातात घेऊन बाहेर आली. आईनं पाटी उतरवली, जवळ्याचं माप भरता भरता विचारलं, "काय गो, यंदा पोरी किती?"

"वीस येणार म्हणतायत."

"आणि गेल्या वर्षीच्या? त्या कुठं गेल्या?"

"जातायत कुठं? ह्या काय इथंच," सावित्रीनं डावानं दाखवलं.

उंबऱ्यावर एक मुलगी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. निळ्या काठाची साडी, फक्त काठ विटलेला. मी दोनदा पाहिलं. ती फोटोतली मुलगी होती. तिचं नाव हौसा, गाव अंजनवेल. आईनं विचारलं म्हणून तिनं सांगितलं, आणि तेही खाली बघून. कोर्स संपून वर्ष झालं. सर्टिफिकेट डॉक्टर देणार आहेत. आधी म्हणाले एक वर्ष सेवा करा, आता म्हणतायत आणखी एक. सोडून जावं तर नर्सिंग कौन्सिलात नाव नाही, त्याशिवाय बाहेर कोण उभं करणार?

हौसाच्या सुपाच्या कोपऱ्यात आईनं मूठभर सोडे टाकले आणि पाटी उचलली. उतारावर आल्यावर म्हणाली, "नवा माल आला तरी गेल्या वर्षीचा पाटीतच, म्हणजे काय समजायचा? एक तर माल खराब, नायतर पाटीवाला लबाड. आता ह्या पोरीत तुला काय खराब दिसला?"

मी चालता चालता सदूभाऊंच्या टाचणीचा विचार करत होते.

तिथून सिव्हिलच्या मेसचं मागचं दार. विठू बाहेर आला तोच भांडत. बोंबील बारीक, जवळ्यात रेती, गेल्या खेपेचे बांगडे खारट. आईनं त्याला मनसोक्त बोलू दिलं, मग बोलली आणि त्याला गप्प केलं. दोघांनाही बरं वाटलं. मग तिनं तोच प्रश्न विचारला.

"गेल्या वर्षीच्या पोरी कुठं गेल्या, विठू?"

विठूनं पिठाचा हात वर केला आणि बोटं मोडायला सुरुवात केली. "गंगा गेली बुरोंडीला, दवाखान्यात. शेवंती राजापूरला. प्रमिलाला मुंबईचं मोठं हॉस्पिटल. त्या काळ्या पोरीचं लग्न झालं, पण ड्यूटी करते, चिपळूणला..." दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा तो म्हणाला, "शेवटच्या दोघींच्या ट्रंका मीच एस्टीवर चढवल्या."

"म्हणजे पाटी रिकामी."

"रिकामी! आता नव्या येतील माझं डोकं खायला."

आईनं माझ्याकडे बघून एक भुवई वर केली. आणि मी तिथंच, मेसच्या भिंतीला टेकून, रडायला लागले. दाखला टेकडीवर आहे, हे हुंदक्यांमधून सांगितलं. अडीच वाजले होते.

आई चिडली की आधी गप्प व्हायची. तिनं पाटीवरचं प्लॅस्टिक नीट खोचलं. मग म्हणाली, "न बघता घेतलीस?"

मी मान हलवली. "आणि परत आणला, आणि इथंही यादीत नाव नाही आलं, तर? दोन्हीकडून जाईन मी."

"जाशील," आई म्हणाली. खोटा दिलासा देणं तिला कधी जमलंच नाही. "तुला नर्स व्हायचाय, का नर्सचा फोटो?"

"नर्स."

"मग चल. माल परत करूया."

त्या दिवशी आई त्या इस्पितळात पहिल्यांदा पुढच्या दारानं शिरली. पायपुसण्यावर पाय इतके घासले की ते बिचारं झिजलं असेल. सदूभाऊंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. दाखला असा मिळत नाही, अर्ज द्या, डॉक्टर उद्या येतील, ते सही करतील.

"बरा," आई म्हणाली. "बसतंय मी."

आणि बसली. पेशंटांच्या बाकांच्या मधोमध, पंख्याखाली. पाटी समोर घेतली आणि वरचं प्लॅस्टिक काढलं. बाहेर झड लागलेली, खिडक्या बंद, पंखा गरगरतोय. अशा खोलीत ज्यांनी सुक्या बोंबलांचा वास घेतलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. नाटे गावाकडच्या एका म्हातारीनं वास घेऊन डोळेच मिटले. "जवळा कसा दिलास गो?" तिनं विचारलं. आईनं माप काढलं. कोपऱ्यातल्या एका गरोदर बाईला तिथल्या तिथं भूक लागली. दहा मिनिटांत आईभोवती सात-आठ जणी, आणि सदूभाऊंच्या नाकाला रुमाल.

"अहो बाई, हे हॉस्पिटल आहे!"

"मी काय ओरडतंय? गप बसलंय."

हे खरं होतं. त्या दिवशी आईनं एकदाही आवाज चढवला नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त धाक वाटत होता. शेवटी सदूभाऊ फाइल शोधायला कपाटाकडे वळले. तेवढ्यात हौसा आतून आली, मागचा कप्पा उघडला, बरोबर माझी फाइल काढली आणि टाचणी सोडवून दाखला थेट माझ्या हातात ठेवला. आणि हसली. अगदी फोटोतल्यासारखी. आईनं निघताना सदूभाऊंच्या टेबलावर कागदात बांधून मूठभर जवळा ठेवला. फुकट काही न्यायचं नाही, असा तिचा नियम होता.

मग आम्ही पळालो. पाऊस होता म्हणून दाखला पाटीत, प्लॅस्टिकखाली, बोंबलांच्या मधोमध. मी पुढं, आई मागं, आणि तिचं तोंड पुन्हा चालू झालेलं. पाचला दहा मिनिटं कमी असताना सिव्हिलच्या कचेरीत पोचलो. अर्ज मी तिथंच उभ्यानं भरला. तिथल्या कारकुनानं दाखला दोन बोटांत धरला, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. तो शिक्क्याचा आवाज मला अजून आठवतो.

आठवड्यानं मुलाखत झाली. सिस्टर ट्यूटर चष्म्याच्या, कडक. त्यांनी दाखला उचलला, थांबल्या, आणि जरा नाकाशी नेला.

"हा वास कसला?"

मी सेवेवर पाठ केलेलं सगळं भाषण त्या क्षणी विसरले. "आईच्या पाटीचा," मी म्हटलं. "माझी आई सुकं विकते. तुमच्या मेसला पण तीच देते."

"इथं आईच्या व्यवसायापुढं तू घरकाम लिहिलंयस."

"चुकलं, सिस्टर. लाज वाटली होती. खोडू?"

त्यांनी पेन पुढं केलं. मी घरकाम खोडलं आणि मोठ्या अक्षरांत "मासेविक्री" लिहिलं. मग त्यांनी विचारलं, हीच शाळा का, आणि मी त्यांना गेल्या वर्षीच्या पोरींची गोष्ट सांगितली, विठूच्या बोटांसकट. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. यादी लागली तेव्हा माझं नाव खालून दुसरं होतं. आईनं ते मला तीनदा वाचायला लावलं, आणि खालून पहिली कोण, तिचं घर कुठं, हेही विचारून घेतलं.

पुढच्या वर्षी हौसा पहिल्या वर्षाला आली. पुन्हा पहिल्यापासून, पण आली. माझ्याहून वयानं मोठी, आणि मी तिची सीनियर. तिनं मला एकदाही ते विसरू दिलं नाही.

अठ्ठ्याऐंशीला मी पास झाले आणि मला नाटे गावच्या दवाखान्यात नेमणूक मिळाली. ट्रंक विठूनंच एस्टीवर चढवली. पुढच्या जूनमध्ये रजेवर आले तेव्हा त्याला भेटायला मेसच्या मागच्या दाराशी गेले. मला बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"तुझ्या आईला आवर," तो म्हणाला. "ह्या महिन्यात चौथी खेप. पाटी उतरवते आणि विचारते, विठू, गेल्या वर्षीच्या पोरी कुठं गेल्या? मी म्हटलं, गोदूबाई, तुमचीच पोरगी त्यात, तुम्हाला ठाऊक नाय? म्हणते, तू मोज. मग मी बोटं मोडत बसतो. एक गेली गुहागरला, एक गेली दापोलीला, आणि राही गेली नाट्याला. तुझं नाव येईपर्यंत श्वास घेत नाय बाई. मग माप भरते, वर आणखी एक मूठ टाकते, आणि म्हणते, आता परत एकदा मोज."